शरूचा टेकू

माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक मोटार दुरुस्त करून नेतं आणि माझ्या मुलीचं कौतुक फुकटात ऐकून जातं. मिरजेत स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर माझं रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप, गिरण्यांच्या मोटारी आणि हल्ली बॅटरीवरच्या गाड्यांच्याही मोटारी येतात. जळालेली कॉइल काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारायचं, हे माझं काम. हात कामात असले तरी तोंड मोकळंच असतं. बायको म्हणते, अहो, लोक घाईत असतात, त्यांना जाऊ द्या. पण आपल्या पोरीचं कौतुक बापानं करायचं नाही तर काय शेजाऱ्यानं करायचं?

मुलीचं नाव शर्वी, घरात शरू. वय नऊ. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त कमी पडलं, त्यामुळं शरीराची उजवी बाजू अधू राहिली. उजवा पाय जरा ओढते, पण चालते, आणि मनात आलं तर पळतेसुद्धा. दुखणं हाताचं. उजव्या हाताची मूठ कायम आवळलेली, अंगठा आत. उघड म्हटलं की खांदा वर जायचा, तोंड वाकडं व्हायचं, मूठ मात्र ढिम्म. आपण बोटं सोडवून हातात काही दिलं तर तेही तिला धरवायचं नाही. आम्ही तेल चोळलं, पट्ट्या बांधल्या, कुंभोजच्या बाहुबलीला पायऱ्या चढून आलो. व्यायामाचं नाव काढलं की शरूला तहान लागायची, नाहीतर पोटात दुखायचं. तिला तरी काय बोलणार? रोज तेच करायचं आणि रोज ते जमायचं नाही, हे मोठ्या माणसालाही झेपत नाही.

मग दोन वर्षांपूर्वी मुलांच्या नव्या केंद्रात आमचा नंबर लागला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला. लोखंडी दांडे नाहीत, वजनं नाहीत. रिकामी खोली, समोर पांढरी भिंत आणि कोपऱ्यांत बोटाएवढे कॅमेरे. तिथल्या डॉक्टर शाहीन बागवान यांनी शरूच्या उजव्या कोपराखाली एक मऊ पट्टी बांधली, आणि भिंतीवर आंब्याचं झाड उगवलं. झाडाखाली शरूसारखीच एक मुलगी उभी. तोच निळा फ्रॉक, तशीच एक वेणी. शरूनं मान वळवली की तीही वळवायची. आंबा देठापासून सुटला की उजवा हात पुढं करून तळहात उघडायचा आणि झेलायचा. मूठ मिटलेली राहिली तर आंबा पेरांवर आपटून फुटायचा आणि भिंतभर रस.

पहिल्याच दिवशी शरूनं आंबा झेलला. भिंतीवरच्या मुलीची मूठ अलगद उघडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. खोलीतल्या शरूच्या हाताकडं बघायचं मला सुचलंच नाही. तो जेमतेम थरथरला होता, हे पद्मजानं, माझ्या बायकोनं, नंतर सांगितलं.

शाहीन मॅडमनी मला बाजूला घेऊन माझ्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. म्हणाल्या, मगदूम, हिच्या मेंदूपासून हातापर्यंतची एक वाइंडिंग जळाली आहे. तुम्ही जळालेली काढून नवी भरता, ते आम्हाला जमत नाही. पण शेजारच्या तारा चांगल्या आहेत. त्यांच्यातून प्रवाह नेता आला तर मोटार फिरेल, थोडी कमी फिरेल, पण फिरेल. मात्र नव्या वाटेनं जायची सवय मेंदूला एकाच गोष्टीनं लागते. केलं आणि जमलं, पुन्हा केलं आणि पुन्हा जमलं. शरूच्या मेंदूला आजवर फक्त न जमल्याचा अनुभव आहे.

यंत्राची करामत इथंच होती. मूठ उघडायचा हुकूम शरूचा मेंदू सोडत होताच, पण स्नायूपर्यंत पोचेतो त्यात जोर उरायचा नाही. हातापाशी तो विरून जायचा, पट्टीला मात्र कळायचा. कॅमेरे बोटांची केसभर हालचाल टिपायचे, पट्टी हुकूम टिपायची, आणि पापणी लवायच्या आत यंत्र ठरवायचं की या पोरीला काय करायचं होतं. तिच्या हातानं जेवढं केलं त्यात उरलेलं यंत्र आपल्या पदरचं घालायचं आणि भिंतीवरच्या मुलीकडून काम पुरं करून घ्यायचं. मेंदूला दिसायचं की जमलं. मग तो खूश होऊन, ज्या वाटेनं हुकूम गेला ती वाट जरा रुंद करून ठेवायचा. नाटक मात्र चालायचं नाही. मनातून हुकूम सुटला नाही तर भिंतीवरची मुलगीही हात हलवायची नाही.

यंत्राच्या या पदरच्या भरीला केंद्रातले लोक टेकू म्हणायचे. हात सुधारेल तसा टेकू यंत्र आपणहून कमी करायचं. मला हे लगेच पटलं. लाइट कमी दाबानं आली की स्टॅबिलायझर वाढवून देतो, लाइन सुधारली की गप्प बसतो, त्यातलाच प्रकार. एक अट होती. मुलाला टेकूचं सांगायचं नाही. कळलं की पोरं जोर लावायचं सोडतात, असा डॉक्टरांचा अंदाज होता. आम्ही मान डोलावली. पोरीला जिंकू द्यायचंय आणि ते तिला सांगायचं नाही, यात आईबापाला अवघड ते काय?

तर शरू आंबे झेलत सुटली. तहान लागायची थांबली, पोट दुखायचं थांबलं. रिक्षा केंद्राच्या रस्त्याला वळली की ही पट्टीसाठी हात पुढं काढून बसायची. महाराष्ट्रातल्या अशा सगळ्या केंद्रांतल्या मुलांचे गुण एकत्र लागायचे, आणि गेल्या दिवाळीत शरू त्यात तिसरी आली. महाराष्ट्रात तिसरी. मी शाळेत शर्यतीत तिसरा आलो होतो तेव्हा पळणारे तीनच होते. मी दुकानात तिचा मोठा फोटो लावला, रिवायंडिंगवाल्यांच्या संघटनेच्या कार्यक्रमात तिचा सत्कार ठरवला, आणि आजूबाजूच्या दुकानदारांनी मला लांबून बघून रस्ता बदलेपर्यंत कौतुक केलं.

पद्मजा सत्काराला आली, पण तिचा चेहरा काही खुलेना. सत्कारात शरूनं नारळ डाव्या हातानं घेतला. उजवा तसाच, मूठ करून पोटाशी. घरी आल्यावर पद्मजा म्हणाली की भिंतीवर आंबे झेलते, पण भाकरी मोडायला तो हात अजून खाली येत नाही. मी म्हटलं, येईल, घाई काय आहे. खरं म्हणजे मला तो विषयच नको होता. मला तिसरा नंबर हवा होता.

आमच्या कॉलनीत एक चांगला नियम आहे. संध्याकाळी तासभर सगळ्या पोरांनी डोळ्यांवरचे ते पडद्याचे चष्मे काढून वॉचमनच्या खोलीतल्या डब्यात ठेवायचे आणि मैदानात यायचं. त्या तासात पोरं आमच्या लहानपणीचे सगळे खेळ खेळतात. त्यांचा आवडता खेळ साखळी. एकावर राज्य असतं, तो पळून दुसऱ्याला धरतो, मग दोघं हातात हात घालून तिसऱ्याला धरतात, अशी साखळी वाढत जाते. साखळी तुटली तर खेळ मोडतो, आणि ज्यानं हात सोडला त्याच्यावर नवं राज्य येतं, हा कॉलनीचा कायदा.

शरूही त्यांच्यात पळायची. रोज घरी येऊन सांगायची की आजही मला कुणी धरू शकलं नाही. तिला खरंच तसं वाटायचं. भिंतीवर जिचा आंबा चुकत नाही, तिला मैदानात कोण धरणार? आम्ही दोघं वरच्या गॅलरीतून बघायचो. साखळी तिच्या अंगावर यायची आणि हातभर अंतरावरून वळून दुसरीकडं जायची. पोरांची ही रीत तुम्हाला माहीत आहेच. लहान भावंड, आजारी पोर, पाहुण्यांचं अजाण लेकरू, यांना खेळात घ्यायचं, पण बाद करायचं नाही. ते लिंबूटिंबू. कुणी शिकवत नाही, पण पिढ्यानपिढ्या प्रत्येक मैदानात हे चालतं. कॉलनीची म्होरकी होती मिस्बाह, आमच्या खालच्या मजल्यावरची, बारा वर्षांची, जिभेनं तिखट. तिनं कधीतरी ठरवून टाकलं असणार. मला त्या पोरांचं कौतुकच वाटायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पलीकडच्या बिल्डिंगमध्ये नवीन कुटुंब राहायला आलं. त्यांच्या मुलाला काय माहीत? पहिल्याच संध्याकाळी तो साखळीच्या टोकाला होता, समोर शरू आली, त्यानं तिला सरळ धरलं. पळणारी पोरं जागीच थांबली. मग मिस्बाह त्याच्यावर ओरडली, "ए, ती लिंबूटिंबू हाय. तिला धरायचं नसतं."

शरू खेळ सोडून घरी आली. रडली नाही, जेवली, झोपली. तिला धरलं याचं तिला काही वाटलेलं नाही, हे मला समजायला हवं होतं. ती आजवर कधी धरली का गेली नाही, ते तिला त्या दिवशी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मी नेहमीसारखा कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो. झाड उगवलं, आंबा सुटला, आणि शरूनं हात जेमतेम हलवला. आळसानं, अंगावरची माशी हाकलावी तसा. भिंतीवरच्या मुलीनं झोकात पंजा उघडून आंबा झेलला. पुढच्या वेळी तिनं त्याहून कमी केलं. तरी झेलला. मग ती भिंतीकडं बघायची थांबली आणि खाली स्वतःच्या हाताकडं बघत तिनं तिसऱ्यांदा केलं. भिंतीवरून आंबा पकडल्याचा आवाज आला. तिचा स्वतःचा हात अर्धवट उघडून तसाच राहिला होता.

ती माझ्याकडं वळली. "पप्पा, मी इथंपण लिंबूटिंबूच हाय काय?"

यंत्र बनवणाऱ्या इतक्या शहाण्या माणसांना जे दोन वर्षं लपवता आलं, ते पोरीनं मैदानातल्या एका शब्दानं ओळखलं. मी शाहीन मॅडमकडं बघितलं. त्यांनी खेळ थांबवला, स्टूल ओढून शरूच्या समोर बसल्या, आणि टेकू म्हणजे काय ते तिला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून सोपं करून, पण काहीही न लपवता. बाईंचा तेव्हापासून माझ्या मनात फार मान आहे.

शरूनं एवढंच विचारलं की टेकू किती आहे. मॅडमनी भिंतीवर आकडा दाखवला. ती पूर्ण जोर लावते तेव्हा शंभरातले चाळीस. सुरुवातीला ऐंशी होता, असंही सांगितलं.

"म्हणजे आता साठ माझे?"

"साठ तुझे. एकटीचे."

मॅडमनी भिंतीवर साठही दाखवला, आणि शरूनं तो आकडा बराच वेळ बघितला. दोन वर्षं तिला तिचे गुण माहीत होते, तिचा नंबर माहीत होता, पण तिच्या स्वतःच्या हाताचं काम किती हे पहिल्यांदाच कळत होतं. तिसरा नंबर आल्यावरही ती एवढी फुलली नव्हती. मग ती म्हणाली, "मला टेकू नको. काढून टाका."

इथून आमच्या घरातलं भांडण सुरू झालं. मॅडमनी आम्हा दोघांना बसवून धोका सांगितला. हात साठ शिकलाय, घरीदारी त्याला कुणी काम देत नाही ही गोष्ट वेगळी, पण आंबा झेलायला शंभर लागतात. टेकू काढला की आंबे पडणार. मेंदू मोठा व्यवहारी असतो. जो हात सारखा हरतो, त्याच्याकडं तो हुकूम पाठवायचंच हळूहळू बंद करतो आणि सगळं काम चांगल्या हाताकडं देऊन मोकळा होतो. एकदम टेकू काढलेल्या काही मुलांच्या उघडू लागलेल्या मुठी पुन्हा मिटल्या होत्या, आणि काहींच्या मग उघडल्याच नाहीत. मॅडमचं म्हणणं, थोडा थोडा कमी करू. शरूचं म्हणणं, थोडा असला तरी तो टेकूच.

पद्मजा संतापली. तिचं म्हणणं असं की नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं, आज हा हात गेला तर मोठेपणी ती आपल्यालाच विचारेल की तुम्ही गप्प का बसलात. तिचं चुकत नव्हतं. मीही रात्रभर तेच घोकलं असतं, पण मला शरूचा साठाच्या आकड्याकडं बघतानाचा चेहरा आठवत होता. शेवटी मॅडमनीच तोडगा काढला. महिनाभर टेकू शून्य. महिन्यानं हात मोजायचा. मागं गेला असेल तर टेकू परत येईल, पण शरूला सांगून. शरूनं मॅडमकडून वचन घेतलं की तिच्या नकळत एकही टक्का वाढवायचा नाही.

तो महिना मी कुणाच्या वाट्याला देणार नाही. आंबे पडले. एकामागून एक, पेरांवर आपटून, भिंतभर रस. तिचा तळहात अर्ध्याहून जास्त उघडायचा, पण अंगठा मधे आडवा यायचा आणि आंबा घरंगळायचा. भिंतीवरची मुलगी आता तंतोतंत शरूसारखी होती, खांदा वर, तोंड वाकडं, आणि ते बघणं शरूला सगळ्यात जड जात होतं. नंबर तिसऱ्यावरून घसरत घसरत दिसेनासा झाला. दुकानात कुणी विचारलं की मी मोटारीत तोंड घालायचो. पंधरा-वीस दिवसांनी शरूनं पट्टी काढून ठेवली आणि घरी चल म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा तहान लागली. तिसऱ्या दिवशी पोटात दुखलं. उजवा हात पुन्हा पोटाशी जाऊन बसला, अंगठा आत, अगदी पहिल्यासारखा.

पद्मजा मला रागावली नाही, तेच वाईट होतं. ती नुसती म्हणाली, मॅडमना फोन करा, थोडा टेकू लावून द्या म्हणावं, तिला कळणार नाही. मी केला फोन. मॅडम म्हणाल्या, मगदूम, तिनं एकदा ओळखलंय, पुन्हा ओळखेल. मग ती यंत्रावरही विश्वास ठेवणार नाही, माझ्यावरही नाही आणि स्वतःच्या साठांवरही नाही. ते साठ तेवढे तिला खरे वाटतायत, ते घालवू नका. मी फोन ठेवला आणि पद्मजाला काय सांगायचं ते ठरवत बसलो.

तेवढ्यात शरू चप्पल घालून खाली गेली. सुट्टी संपत आली होती आणि त्या नव्या मुलानं धरल्यापासून ती मैदानात उतरली नव्हती. आम्ही दोघं तिच्या मागोमाग जाऊन कंपाउंडच्या गेटाशी थांबलो. मैदानाच्या मधोमध जाऊन तिनं मिस्बाहला गाठलं. "मी लिंबूटिंबू नाही. मला बी धरायचं."

पोरांची सभा भरली. कुणी म्हणालं, ती पडेल. कुणी म्हणालं, तिची आई ओरडेल, आणि चार पोरांनी आमच्याकडं वळून बघितलं. पद्मजानं माझा दंड घट्ट धरला होता. मी मिस्बाहकडं बघून मान हलवली. मिस्बाहनं विचार केला आणि निकाल दिला की ठीक आहे, पण मग बाद झालीस तर रडायचं नाही, आणि साखळीत हात सोडायचा नाही. कायदा सगळ्यांना एकच.

शरूला धरायला त्यांना फार वेळ लागला नाही. खरं सांगायचं तर काहीच वेळ लागला नाही. ती पाय ओढत चिंचेच्या झाडापर्यंत पोचली तोवर साखळी आलीच, आणि टोकाला असलेल्या मिस्बाहनं तिच्या पाठीत थाप मारली. मग पुढं हात केला. "दे हात. पटकन."

शरूनं डावा हात दिला असता तर काही प्रश्न नव्हता. पण साखळीच्या टोकाच्या माणसाचा मोकळा हात पुढच्याला धरायला लागतो, आणि तो चपळ पाहिजे. ती क्षणभर थांबली. ती काय ठरवतेय ते मला गेटातून कळलं. तिनं डावा हात मागं घेतला आणि उजवा पुढं केला.

मूठ मिटलेलीच होती. मिस्बाहचा हात समोर वाट बघत होता. मागची पोरं चल चल म्हणून ओढत होती. इथं झाड नव्हतं, पट्टी नव्हती, राहिलेलं पुरं करून देणारं कुणी नव्हतं. शरूचा खांदा वर गेला, तोंड वाकडं झालं. मग अंगठा बाहेर आला. त्यामागून बोटं सुटली, एकदम नाही, करंगळी सगळ्यात शेवटी. मिस्बाहनं तो हात गपकन पकडला आणि साखळी पळाली. मिस्बाहला आपण काय पाहिलं ते कळलंसुद्धा नाही. तिच्यासाठी तो नुसता उशिरा आलेला हात होता.

पद्मजा माझ्या दंडाला धरून खाली बसली. आम्ही दोघांनीही तो हात आजवर दुसऱ्यासाठी उघडलेला पाहिला नव्हता. मॅडमनी मागं म्हटलं होतं की हात शिकलाय पण त्याला कुणी काम देत नाही. आज त्याला काम मिळालं होतं.

साखळी मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेली. त्यांना तो नवा मुलगा हवा होता. तो पाण्याच्या टाकीमागून निसटला, साखळी वळली, आणि वळताना टोकावरच्याला सगळ्यात जास्त हिसका बसतो. शरूनं डावा हात लांब करून त्याचा सदरा जवळजवळ धरलाच होता. तेवढ्यात उजव्या हातातला जोर संपला. बोटं सुटली आणि ती मातीत लोळली.

पद्मजा उठली. मी तिला धरलं. मैदानात मदतीला कुणी धावलं नाही. मिस्बाह कमरेवर हात ठेवून शरूच्या डोक्याशी उभी राहिली आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडली, "ए शरू, हात का सोडलीस? सापडला होता की तो. सगळा खेळ घालवलीस."

मागून दुसरी पोरंही सुरू झाली. शरू कोपरावरची माती झटकत उठली आणि तिनंही आवाज चढवला की तू वळताना मागं बघत नाहीस, नुसती ओढतीस. मिस्बाह म्हणाली की साखळी अशीच पळते, जमत नसलं तर घरी बस. शरू म्हणाली, तूच बस. दोघी नाकाला नाक लावून भांडल्या. माझ्या पोरीशी आजवर कुणी असं भांडलेलं नव्हतं. सगळे तिच्याशी हळू बोलायचे, मीसुद्धा.

पद्मजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "अहो, रागावली की ओ ती आपल्या शरूला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

महिनाअखेरीस मॅडमनी हात मोजला तेव्हा तो मागं गेलेला नव्हता, थोडा पुढंच सरकला होता. शंभर अजून लांब आहेत. कदाचित ते कधीच होणार नाहीत, हेही मॅडमनी तिला सांगून टाकलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मला कुठल्याही आकड्याची गरज नव्हती. महाराष्ट्रात तिसरी आली तेव्हा वाटला नव्हता एवढा अभिमान मला मातीत लोळून, बाद होऊन, शिव्या खाऊन उभ्या राहिलेल्या त्या पोरीचा वाटला.

भांडण मिस्बाहनं कायद्यानं मिटवलं. ज्यानं हात सोडला त्याच्यावर राज्य. पोरं मागं सरकली आणि मैदानाच्या मधोमध शरू एकटी उरली. तिनं वेणी मागं टाकली, एकेकाकडं नीट बघून घेतलं, आणि पहिलं पाऊल उचललं. मोठी मोठी पोरं, मिस्बाहसुद्धा, ओरडत, एकमेकांना ढकलत, माझ्या मुलीच्या भीतीनं वाट फुटेल तिकडं पळत सुटली.